डाव्या तीरावरचे काका

३० ऑगस्ट, शनिवार. आज हातात काम आहे ते तळमजल्यावरचा दोन नंबरचा फ्लॅट रिकामा करण्याचं. सामान पुण्याला गेलं. चिखल आम्ही खरवडून काढला. भिंतींवर छातीच्या उंचीला तपकिरी रेघ उरलीय, ती रंग दिल्यावर जाईल. राहिल्या दहा बाटल्या. सरबताच्या, काचेच्या, बुचाला मेण लावलेल्या. त्या ओतायच्या, धुवायच्या आणि भंगारवाल्याला द्यायच्या, असं मी सकाळी नऊला ठरवलं. आता दुपारचे चार वाजलेत आणि बाटल्या माझ्या ओट्यावर रांगेत उभ्या आहेत. म्हणून आधी लिहून मोकळी होते.

अख्ख्या नाशकात गोदावरीवर राग धरून बसलेला एकच माणूस असेल आणि तो बावीस वर्षं आमच्या तळमजल्यावर राहिला. लोक रामकुंडावर जाऊन हात जोडतात, काका तिचं नाव निघालं की नाक मुरडायचे. म्हणायचे, "तिला काय धाड भरलीय? ब्रह्मगिरीवरून निघते तेव्हा तांब्यातून ओतल्यासारखी धार. मोठी होते ती या पोरींच्या जिवावर. आरती मात्र हिची एकटीची." पोरी म्हणजे नंदिनी, वाघाडी, वालदेवी, दारणा, कादवा, बाणगंगा, सिन्नरची देवनदी आणि आणखी चार. या अकराजणींची बाजू घेणारं कोणी नाही, म्हणून ती काकांनी घेतली होती. ते ना इंजिनिअर, ना पाटबंधाऱ्यातले. अंबडच्या एका कारखान्यात पस्तीस वर्षं त्यांनी सुटे भाग मोजून पास-नापास केले. केसाइतका फरक त्यांच्या नजरेतून सुटत नसे. निवृत्त झाल्यावर मोजायला काही उरलं नाही तेव्हा मागच्या दारी नदी होती.

ते पत्ता सांगायचे तो असा : "नंदिनीचं डावं तीर, संगमाच्या अलीकडे." गॅस सिलिंडरवाला एकदा फोनवर काकुळतीला आला होता. "काका, डावं म्हणजे येताना की जाताना?" "जाताना." "कुठं जाताना?" "अरे, तू नाही, नदी जाताना!" सिलिंडर त्या दिवशी पलीकडच्या काठावरून परत गेला आणि काकूंनी शेजारच्या शेगडीवर खिचडी टाकली. सिन्नरला भाच्याच्या लग्नाला निघाले तेव्हा शेअर जीप दारणेच्या पुलावर थांबवायला लावून हे खाली उतरले, पाणी किती आहे ते बघायला. जीप त्यांच्या शालीसकट पुढं गेली. काका पोचले तेव्हा शेवटची पंगत उठत होती. त्याचं त्यांना काही नाही. नवरदेवाच्या कानात ते म्हणाले, "दारणा भरून चाललीय, शुभ आहे."

मला ते सेक्रेटरीबाई म्हणायचे, कारण सोसायटीचं सेक्रेटरीपद नऊ वर्षं माझ्या गळ्यात आहे. पहिल्याच भेटीत त्यांनी विचारलं, "माहेर?" मी म्हटलं, "सटाणा." काकांनी डोळे मिटले. "म्हणजे आरम. आरम गिरणेला, गिरणा तापीला, तापी अरबी समुद्राला. म्हणजे तुम्ही पलीकडच्या." तेव्हापासून मी पाहुणी. सोसायटीच्या बैठकीत पाण्याचा विषय निघाला की ते माझ्याकडे बघून म्हणणार, "यांना इथलं काय कळणार, यांचं खोरं वेगळं." एकदा मी वैतागून माहेरच्या बोलीतच विचारलं, "मंग मी काय परकी शे का?" काका गंभीरपणे म्हणाले, "माणूस म्हणून नाही. पाणी म्हणून."

या बाटल्या त्यांच्या स्वयंपाकघरात तेलाच्या डब्याशेजारच्या फळीवर असत. प्रत्येकीत एका नदीचं पाणी, वर पांढऱ्या कागदावर सुबक अक्षरात नाव. काकूंनी एकदा नळ गेला म्हणून वालदेवी आमटीत ओतली होती. काका जेवले, आमटी चांगली झाली म्हणाले आणि फळीकडे लक्ष गेल्यावर दोन दिवस बोलले नाहीत. अकरावी बाटली रिकामी होती. तिच्यावर लिहिलं होतं 'अरुणा'. ही नदी कधीच रस्त्याखाली गेली, तिचं पाणी आणायचं कुठून? मी म्हटलं, मग बाटली कशाला अडवून ठेवता? काका म्हणाले, "माणूस दिसत नाही म्हणून त्याचं ताट मांडायचं नाही का?"

पण त्यांचा खरा जीव मागच्या नंदिनीवर. गावात तिला नासर्डी म्हणतात आणि आमच्या इमारतीत सरळ नाला. नाला हा शब्द काकांच्या कानावर पडला की ते असतील तिथून उठत आणि बोलणाऱ्याच्या दारात जाऊन उभे राहत. तिसऱ्या मजल्यावरच्या मॅडम एकदा गॅलरीतून म्हणाल्या, "आज नाल्याचा फारच वास येतोय बाई." काका दुखऱ्या गुडघ्यांनी तीन जिने चढले, बेल दाबली, म्हणाले, "नाला नाही, नंदिनी. आणि वास तुमचा आहे, तिचा नाही." पाणीसुद्धा न घेता खाली उतरले. मॅडम महिनाभर धुमसत होत्या. गेटपासून शंभर पावलांवर जो बुटका पूल आहे त्याच्या खांबावर काकांनी ओळंबा लावून, पिवळ्या ऑइलपेंटनं फुटांच्या रेघा मारल्या होत्या, एक ते बारा. रोज सकाळी आकडा बघायचा आणि आमच्या सोसायटीच्या फळ्यावर खडूनं लिहायचा : 'नंदिनी – दोन फूट, वाहती.' 'वाहती' कशाला लिहिता, नदी आणखी काय करणार, असं मी विचारलं होतं. ते म्हणाले, "वाहतेय तोवर घाबरायचं नाही."

दोन वर्षांपूर्वी एका सदस्याच्या मुलीची हळद पार्किंगमध्ये चालू असताना काका धावत आले. "सहा फूट! वर चला सगळे!" पन्नास बायका, पाट, परात, कालवलेली हळद, सगळं चार मजले चढून गच्चीवर गेलं. मुलीच्या आत्यानं दोनदा जिन्यात बसून घेतलं. पाणी गेटच्या पहिल्या पायरीला शिवलं आणि माघारी गेलं. पुढच्या बैठकीत एकमतानं ठराव झाला, तो माझ्याच अक्षरात आहे : 'सेक्रेटरींच्या लेखी परवानगीशिवाय कोणीही नदी आल्याचे जाहीर करू नये.' फळ्यावर आकडे लिहायलाही बंदी झाली.  काका खिशात एक छोटं पॅड आणि पेन ठेवायला लागले.

आता गेल्या रविवारचं. नाशिककर पूर फुटांत मोजत नाहीत. रामकुंडाजवळ दुतोंड्या मारुतीची उंच मूर्ती आहे. पाणी मारुतीच्या गुडघ्याला, कमरेला की छातीला, एवढं कळलं की माणसाचं समाधान होतं. छातीच्या खाली असेल तर शहर निवांत आणि कमरेला असेल तर बघण्यासारखं. त्या दिवशी अकरा वाजता मोबाइलवर आलं, कमरेला लागलं. पाऊस थांबला होता, ऊन पडायच्या बेतात होतं. अर्ध्या तासात आमची इमारत रिकामी झाली. बायकापोरं, म्हातारे, माझा नवरा, सगळे गाड्या काढून पूर बघायला गेले. मागे राहिलो मी, तिसऱ्या मजल्यावरच्या मॅडम, पेठ तालुक्याकडचा आमचा वॉचमन, त्याची बायको, पुलावर काका आणि दोन नंबरमध्ये काकू. काकूंच्या खुब्याचं ऑपरेशन होऊन बारा दिवस झाले होते. कूस बदलायलाही माणूस लागत होतं.

बाराच्या सुमारास काका माझ्या दारात आले. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, छत्री मिटलेली.

"सेक्रेटरीबाई, सात फूट. अकराला साडेपाच होतं."

"काका, पाऊस तर थांबलाय."

"म्हणून तर आलो. थांबलीय."

"पाऊसच ना?"

"नदी."

आणि त्यांनी पॅड आणि पेन पुढं केलं. "लेखी द्या. नऊला पार्किंग. दहाला हिची खाट."

मला हळदीचा दिवस आठवत होता. काकूंना हलवायचं म्हणजे खेळ नव्हता. डॉक्टरांनी बजावलं होतं, पाय जागचा हलता कामा नये. उगाच उचललं आणि सांधा निखळला तर ते पाप माझ्या माथी. नाही उचललं आणि पाणी आलं तर? मी म्हटलं, आधी दाखवा. आम्ही पुलावर गेलो. पाण्याला आवाज नव्हता. एरवी खडखडाट करत जाणारी ती नदी तुडुंब आणि गप्प उभी होती. मधोमध एक नारळ तरंगत होता. मी त्याच्याकडे बघत राहिले. तो संगमाकडे जात नव्हता. हळूहळू उलटा, डोंगराच्या बाजूला सरकत होता.

काका शांतपणे म्हणाले, "मारुतीच्या कमरेला पाणी म्हणजे थोरलीनं संगमावर दार लावून घेतलं. धाकटी दाराशी येऊन उभी आहे. मागून डोंगराचं पाणी येतंच आहे. आता ती कुठं जाईल सांगा?"

मी पॅड घेतलं आणि लिहिलं, 'नदी आली आहे. जाहीर करावे.' खाली सही केली. काकांनी कागद वाचला, घडी करून खिशात ठेवला आणि म्हणाले, "माझ्यानं उचलणं व्हायचं नाही. मोजणं होईल. तुम्ही हिला वर न्या, मी इथून आकडा सांगतो."  छत्री उगाचच उघडत होते, मिटत होते.

खाली काकू पडल्या पडल्या शेंगा सोलत होत्या. मी सांगितलं तर हसल्या. "अगं, यांची नदी बावीस वर्षं येतेय. अजून आली नाही." मी म्हटलं, "काकू, मी बघून आले." त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि शेंगांचं ताट बाजूला ठेवलं.

नवऱ्याला फोन लावला. लागला नाही. गणपतीच्या मांडवाचे बांबू आणि सुतळी पार्किंगमध्ये येऊन पडली होती. वॉचमननं न सांगता दोन बांबू ओढले. "ताई, आमच्या पाड्यावर आजारी माणूस असंच नेत्यात. गाडी येतीच कुठं तिथं?" त्याची बायको म्हणाली, "झोळी नको. झोळीत कंबर वाकंल बाईची. खाली फळी पायजे." आम्ही इकडेतिकडे बघितलं. सरळ, सपाट, माणसाएवढं असं एकच होतं. मी सोसायटीचा फळा भिंतीवरून उतरवला. त्यावर टाकी धुण्याची सूचना होती. फळा दोन बांबूंवर बांधला, वर गोधडी घातली, काकूंच्या पायांत उशी दिली आणि चार बाजूंनी चौघं लागलो. मॅडम आपल्या चांगल्या साडीचा पदर खोचून आल्या होत्या.

फोन माझ्या खांद्याशी धरलेला. "साडेसात," काका म्हणाले. आम्ही दारातून निघालो. "आठ." जिन्याचं पहिलं वळण. तिथं फळा बसेना. वॉचमनची बायको कठड्यावर चढून बसली आणि तिनं डोक्याकडची बाजू कठड्यावरून पलीकडे घेतली. काकूंनी डोळे मिटून घेतले होते, ओठ पांढरे पडले होते. "दुखतंय?" मी विचारलं. "दुखतंय. तू चाल." "साडेआठ," काका म्हणाले, आणि मग, "ती काय म्हणतेय?" "गप्प आहेत." "गप्प?" काकांचा आवाज चिरकला. काकू खच्चून ओरडल्या, "मेले नाही अजून! आकडा सांगा तुम्ही!"

पहिल्या मजल्यावर माझ्या पलंगावर काकूंना ठेवलं तेव्हा खाली पार्किंगमध्ये पाणी शिरल्याचा आवाज आला, ताटात पाणी ओतल्यासारखा. काका म्हणाले, "नऊ."

"काका, काकू वर पोचल्या. तुम्ही या आता."

"दहा झाले की येतो."

"वेडे झालात का? रस्ता बुडतोय!"

"सेक्रेटरीबाई, दहाच्या रेघेला ती अजून कधी लागलेली नाही. पहिल्यांदाच लागणार. कोणी बघायला नको का?"

मी विनवलं. मॅडमनी विनवलं. काकूंनी फोन मागून घेतला आणि त्यांच्या पहिल्या नावानं हाक मारली, जी मी बावीस वर्षांत ऐकली नव्हती. तिकडून फक्त, "सव्वानऊ." गॅलरीतून दिसत होतं, पुलावर एक छत्री आणि पुलाच्या दोन्ही टोकांना पाणी. मग मला एकच सुचलं. फोन तोंडाशी धरून मी ओरडले, "मरा मग त्या नाल्यात!"

फोन बंद झाला. छत्री वळली. ती पाण्यातून आमच्या दिशेनं यायला लागली, गुडघ्याएवढ्या, मग मांडीएवढ्या, मग कमरेएवढ्या पाण्यातून. एकदा वाकडी झाली आणि दिसेनाशी झाली. मॅडमनी माझं मनगट इतकं घट्ट धरलं की वळ दोन दिवस होता. मग खाली पाण्यात उतरलेल्या वॉचमननं पुढं केलेल्या बांबूला धरून ती परत वर आली. पाच मिनिटांनी काका माझ्या दारात उभे. अंगातून पाणी गळतंय, डोळे लाल.

"नाला कोण म्हणालं?"

"मी. आणि पुन्हा म्हणेन. आधी कपडे बदला."

ते आत गेले, काकूंच्या उशाशी बसले आणि लहान मुलासारखे रडले. काकू म्हणाल्या, "कितीवर सोडलीत?" "साडेनऊ." "मग रडायचं काय? उरलेली रेघ भिंतीवर दिसेल."

दुपारी दोनला आमची माणसं पूर बघून परतली. गेटबाहेर गाड्या लावून पाण्याच्या पलीकडे रांगेत उभी राहिली, माझा नवरा सर्वांत पुढे. हातात मोबाइल, त्यात मारुतीचे फोटो. मला बघून म्हणाला, "असं कसं? मारुतीच्या तर कमरेलाच होतं!" जणू काही पाणी चुकीच्या ठिकाणी आलंय आणि मी ते परत पाठवावं. पुढं संध्याकाळी थोरली ओसरली, तिनं दार उघडलं, आणि आमचं पार्किंग तासाभरात रिकामं झालं. काकूंच्या खाटेची गादी पाण्यावर तरंगून मग जमिनीवर आली होती.

काका पाय बुडवत बुडवत घरात गेले ते थेट स्वयंपाकघरात. फळी कोसळली होती. बाटल्या चिखलात पडल्या होत्या, एकही फुटली नव्हती, मेणही शाबूत होतं. फक्त कागद गेले होते. काकांनी एकेक पुसून ओट्यावर मांडली, उजेडात धरली, हलवून पाहिली. दहाही बाटल्यांत सारखंच पाणी. कोण दारणा, कोण कादवा, कोण वाघाडी, काही कळेना. मी दारात उभी होते. ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "संपलं. आता सगळ्यांची गोदावरीच झाली." मग त्यांनी अकरावी उचलली. रिकामी. ती पाण्यावर तरंगून दाराच्या चौकटीला अडकली होती. शर्टाचं टोक पदरासारखं धरून त्यांनी तिला पुसलं. "ही अरुणा. हिला मात्र ओळखलं."

काकांचा मुलगा बुधवारी पुण्याहून आला, दोघांना घेऊन गेला. तळमजल्यावर पुन्हा ठेवणार नाही म्हणाला आणि त्याचं बरोबरच आहे. गाडीत बसताना काकांच्या हातात ती एक बाटली होती. मी म्हटलं, "बाकीच्यांचं काय करू?" ते म्हणाले, "तुम्हाला योग्य वाटेल ते. सेक्रेटरी तुम्ही आहात." काल फोन आला होता. काकू वॉकर घेऊन चार पावलं चालल्या. काका म्हणाले, "इथं मुठा आहे. मुठा भीमेला, भीमा कृष्णेला. आता मी पाहुणा." मग विचारलं, "आज किती आहे?" मला माहीत नव्हतं. मी म्हटलं, "बघितलं नाही." ते बरं म्हणाले. फोन ठेवला.

हे लिहिलं काल. आज रविवार. सकाळी साडेसहाला दहा बाटल्या पिशवीत भरून पुलावर गेले. मेण सुरीनं काढलं आणि एकेक करून सगळ्या नंदिनीत ओतल्या. पाणी खडखडत संगमाकडे निघालं होतं. खाली उतरून खांबावरच्या रेघांवरचा चिखल चपलेनं खरवडला, आकडा नीट दिसेपर्यंत. परत आले, वॉचमनला उठवून फळा भिंतीवर लावून घेतला. गोधडीला घासून पुसट उरलेली टाकीची सूचना पुसली. खडूनं लिहिलं, 'नंदिनी – सव्वादोन फूट, वाहती.' ठरावाप्रमाणे खाली सही केली आणि त्याचा फोटो पुण्याला पाठवला.